मका चिकात आला, रानडुकराचा वाटा घरात नको

भाद्रपद सरता सरता नाशिक जिल्ह्यात कळवण, बागलाण, दिंडोरीकडच्या डोंगरालगतच्या शिवारांत मक्याचा दाणा चिकात येतो आणि रानडुकरांचे कळप रात्री उतरू लागतात. राखणीच्या याच दिवसांत कुठेतरी ठासणीच्या बंदुकीचा बार होतो आणि सकाळी घरोघर वाटे पोचतात. फुकटचे मटण कोण नाकारणार? तरी नाकारावे.

छर्रे आणि बऱ्याच गोळ्या शिशाच्या असतात. शिसे मऊ धातू आहे. वेगात आलेली गोळी हाडावर आदळली की तिचे बारीक तुकडे उडतात, काही तर जखमेपासून वीतभर लांबही जातात. ते दाताला लागत नाहीत, डोळ्यांना दिसत नाहीत. एक्स-रे काढला तरच कळते. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात 2008 साली गरिबांना दान दिलेल्या हरणाच्या खिम्यात असे कण सापडले आणि उरलेली पाकिटे फेकून द्यायला सांगावे लागले. तिथे शिकार कायदेशीर आहे, मांस व्यवस्थित कापून पॅक होते, तरी ही गत.

म्हणून जखमेभोवतीचे मांस काढून टाकले की झाले, हा समज सोडा. धुऊन, उकळून शिसे जात नाही. चिंच, कोकम किंवा दही घालून रस्सा केला तर आंबटात ते उलट जास्त विरघळते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो आणि गरोदर बाईकडून ते पोटातल्या बाळाला पोचते. किती शिसे चालेल याची सुरक्षित मर्यादा कुणालाच सांगता आलेली नाही. आतडी-कोथळा कुत्र्यालाही घालू नका.

कायद्याचे म्हणाल, तर 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय रानडुक्कर मारणे गुन्हा आहे. पिकाच्या नुकसानीपायी परवानगी घेऊन मारले तरी ते जनावर सरकारची मालमत्ता ठरते. वाटे घालता येत नाहीत.

मेलेले डुक्कर ओढ्यात किंवा माळावर टाकण्याचीही सवय आहे. हरसूलजवळ खोरीपाड्याला गिधाडे उतरतात. डायक्लोफिनॅक या जनावरांना दिल्या जाणाऱ्या वेदनाशामक औषधाने त्यांची आधीच वाट लावली, त्यात असल्या मांसातून शिसे पोटात गेले तर उरलेलीही मरतात. धड परस्पर हलवू किंवा पुरू नका, वनरक्षकाला कळवा.

आता पिकाचे. सौर झटका मशीन बसवायचे तर खालची तार जमिनीपासून वीतभरच उंच ठेवा, कारण डुक्कर उडी मारण्याआधी खालून घुसायला बघते. तारेखालचे गवत दर आठवड्याला कापा, नाहीतर झटका गवतातूनच जमिनीत उतरतो. घरच्या लाइनची वीज थेट कुंपणात सोडणे मात्र कदापि नको. त्यात माणसे मेली आहेत. शेजारच्या दोन-तीन शेतकऱ्यांनी मिळून एकच सलग कुंपण केले तर खर्चही वाटला जातो आणि मधली वाट उरत नाही.

नुकसान झालेच तर ताटे उचलण्याआधी फोटो काढा, त्याच दिवशी वन विभागाला 1926 वर कळवा, पंचनामा होईपर्यंत शेत तसेच ठेवा. भरपाईसाठी सातबारा आणि बँक पासबुकाची झेरॉक्स तयार असू द्या.