मार्फा, कागबेनी, मुक्तिनाथ : निघण्याआधीची यादी आणि परतीचा एक मोकळा दिवस

नेपाळातल्या मुक्तिनाथाला जायची यादी परतीच्या तिकिटापासून सुरू करा. काठमांडूहून मुंबईला येणारं विमान ज्या तारखेचं असेल, त्याच्या आधीचा एक अख्खा दिवस मोकळा ठेवा. मोकळा म्हणजे खरोखर मोकळा. त्यात पशुपतिनाथ नको, खरेदी नको, 'संध्याकाळी पोहोचलो तरी चालेल' असलं काही नको. डोंगरातून खाली उतरायचा दिवस, मग हा मोकळा दिवस, मग मुंबईचं विमान. बाकीची यादी विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा, कारण मी हेच विसरले होते.

आम्ही चौघं गेलो होतो. मी, नवरा आणि माझे आई-बाबा. परतीचा हिशेब असा होता : गुरुवारी सकाळी जोमसोमहून (मुक्तिनाथाच्या वाटेवरचं विमानतळाचं गाव) पोखरा, दुपारच्या विमानाने काठमांडू, शुक्रवारी सकाळी मुंबई. कागदावर सगळं बसत होतं. गुरुवारी पहाटे सहाला आम्ही जोमसोमच्या विमानतळावर जाऊन बसलो. सामान वजन करून झालं, हातात बोर्डिंग पास आले. दहा वाजता खिडकीतून दिसणारा वाऱ्याचा पट्टेरी कापडी मोजा एकदम आडवा झाला आणि तसाच राहिला. साडेदहाला उड्डाण रद्द. तिथून सगळे प्रवासी एकाच वेळी जीपस्टँडकडे धावले. आम्हाला जीप मिळाली दुपारी दोनला, आणि वाटेतल्या घासा गावाच्या खाली दरड आलेली. रात्र तातोपानी गावात काढली. पोखऱ्याला पोहोचलो तेव्हा मुंबईचं विमान आमच्याशिवाय गेलेलं होतं. चार नवी तिकिटं काढली, ते पैसे गेले. पण आईच्या भाचीचा साखरपुडा शनिवारी होता, तो हुकला, आणि आई पूर्ण प्रवासात खिडकीबाहेर बघत बसली, एक शब्द बोलली नाही. ते मला जास्त लागलं.

आता कारण समजून घ्या, म्हणजे 'आमच्या वेळी हवा चांगली असेल' असं मनात येणार नाही. जोमसोम ज्या दरीत आहे ती काली गंडकी नदीची दरी धवलगिरी (8167 मीटर) आणि अन्नपूर्णा (8091 मीटर) यांच्या मधून जाते. सकाळी ऊन चढलं की वरचा उघडा, कोरडा मुलूख तापतो, तिथली हवा वर जाते आणि खालच्या दमट प्रदेशातली हवा या चिंचोळ्या दरीतून आत ओढली जाते. दहा-अकरापासून संध्याकाळपर्यंत वारा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो, आणि वाहतो म्हणजे उभं राहू देत नाही. म्हणून जोमसोमची विमानं फक्त सकाळीच उडतात. पहाटे पोखऱ्यावर ढग असले आणि इथे दहाला वारा सुटला, तर त्या दिवसाचा विषय संपला. हे अपवादाने होत नाही, नेहमी होतं. वैमानिकाने नाही म्हटलं तर वाद घालू नका. 29 मे 2022 रोजी पोखऱ्याहून जोमसोमला निघालेलं छोटं विमान डोंगरावर आदळलं आणि 22 जण गेले, त्यात आपल्या महाराष्ट्रातले प्रवासीही होते. रद्द झालेलं उड्डाण हे चांगलं उड्डाण. ते सोसता यावं म्हणून तर मोकळा दिवस.

आणि जीपने जाणार असाल तर मोकळा दिवस लागत नाही, असं समजू नका. पोखरा ते जोमसोम रस्ता दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, पण वेळ आठ-दहा तास धरा. बेनीच्या पुढे दरड कधीही येते. विमान असो की जीप, मोकळा दिवस हवाच.

महिना कुठला? मार्च ते मे, किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. महाबळेश्वर भिजतं आणि पलीकडे माण-खटाव कोरडे राहतात, तसंच इथे आहे : मुस्तांग, म्हणजे जोमसोम-मुक्तिनाथाचा हा जिल्हा, पर्जन्यछायेत आहे, पावसाळ्यातही वर पाऊस थोडाच. पण तिथवर नेणारा रस्ता आणि पोखरा दोन्ही भिजणाऱ्या बाजूला, त्यामुळे जून ते सप्टेंबर टाळा. आपल्या नवरात्रात तिकडे दशैं असतो आणि आपल्या दिवाळीत तिहार. जीप, खोल्या, सगळं भरलेलं असतं, आधी सांगून ठेवा. नेपाळात साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते.

मुक्काम कसे टाकायचे, यावर मात्र मी भांडणार. आपल्याकडची बरीच मंडळी पोखऱ्याहून निघतात, धावत मुक्तिनाथाचं दर्शन घेतात आणि दुसऱ्या दिवशी परत. ज्या दोन गावांसाठी मी पुन्हा गेले, त्यांच्या शेजारून जीप निघून जाते आणि कुणी मान वळवून बघतही नाही. पहिलं मार्फा. चुन्याने रंगवलेली पांढरी घरं, पाऊस कमी म्हणून सपाट धाबी, धाब्यांच्या काठाने रचलेली सरपणाची चवड. गल्लीभर दगडी फरश्या आणि त्या फरश्यांखालून वाहणारं पाणी. सकाळी वारा सुटायच्या आधी उभं राहिलात तर पायाखालून ते पाणी ऐकू येतं. गावाभोवती सफरचंदांच्या बागा. जपानी भिक्षू एकाई कावागुची तिबेटात शिरण्याआधी या गावात राहिला होता, त्याचं घर अजून दाखवतात. दुसरं कागबेनी. मातीच्या भिंती, बोगद्यासारख्या गल्ल्या, आणि काली गंडकीला झोंग नदी मिळते तो संगम. तिथे पितरांचं श्राद्ध करायची पद्धत आहे. बाबांनी आजोबांचं केलं. तुम्हाला करायचं असेल तर काळे तीळ आणि दर्भ घरून न्या आणि सकाळी लवकर उरका, नंतर वाऱ्यात पिठाचा गोळा हातात टिकत नाही. कागबेनीच्या पुढे वरचं मुस्तांग सुरू होतं. ते परदेशी लोकांना 1992 मध्ये उघडलं, आजही त्याचा वेगळा आणि महाग परवाना लागतो, आणि तो आपल्यालाही लागतो. चौकीवर हुज्जत घालू नका, तिथून मागे फिरा.

तर : एक रात्र मार्फा, एक कागबेनी, मग मुक्तिनाथ, मग खाली. आणि शेवटी तो मोकळा दिवस. चार दिवसांची रजा असेल तर कागबेनी कापा, मला वाईट वाटेल पण कापा. मोकळा दिवस कापू नका.

हे मुक्काम नुसते हौसेचे नाहीत. पोखरा आठशे मीटरवर, जोमसोम साधारण 2700 वर आणि मुक्तिनाथ 3700 च्याही वर. आपलं कळसूबाई 1646 मीटर. एका दिवसात पोखऱ्याहून थेट वर गेलात तर डोकं दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही, आणि कुणाकुणाचं त्यापुढेही जातं. मार्फ्यात झोपून मग वर गेलं की शरीराला उसंत मिळते. साठीच्या पुढच्या माणसांना, रक्तदाब किंवा दमा असणाऱ्यांना निघण्याआधी डॉक्टरांकडे न्याच. उंचीवरच्या त्रासाची गोळी आपल्या मनाने घेऊ नका, सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांना ती चालत नाही असं डॉक्टर सांगतात. डोकं दुखायला लागलं आणि वाढत गेलं, तर दर्शन राहू द्या आणि खाली उतरा. देव तिथेच आहे.

रोजची औषधं मोजून नेऊ नका. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मी सहलीच्या दिवसांइतक्या मोजून डबीत भरल्या होत्या. तातोपानीत रात्री डबी उघडली तर रिकामी. बाबा म्हणाले, "असू दे गं, एका दिवसाने काही होत नाही." मी रात्रभर त्यांच्या श्वासाकडे लक्ष देऊन जागी होते. म्हणून गोळ्या चार दिवसांच्या जास्त, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये. मोकळा दिवस तिकिटात ठेवता, तसा गोळ्यांच्या डबीतही ठेवायचा.

कागदपत्रं. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र, मूळ प्रत. 15 ते 65 वयाच्या माणसांना आधार कार्ड चालत नाही, आणि विमानतळावर जाऊन हे कळणारी कुटुंबं दर हंगामात दिसतात. व्हिसा लागत नाही. नेपाळातल्या अंतर्गत विमानांत भारतीयांसाठी वेगळा भाडेदर असतो, त्यासाठीही तेच ओळखपत्र. अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचं प्रवेशपत्र पोखऱ्याला किंवा काठमांडूला काढून घ्या, सार्क देशांच्या नागरिकांना ते इतर परदेशी लोकांपेक्षा बरंच स्वस्त पडतं. दोन फोटो न्या. प्रवास विमा घ्या आणि त्यात एवढी उंची धरली आहे का आणि हेलिकॉप्टरने खाली आणायचा खर्च आहे का, या दोन ओळी वाचा. उड्डाण हुकल्याचे पैसे मिळतात का, हेही बघा. मी बघितलं नव्हतं.

पैसे. आपल्या शंभरचे तिकडे 160 होतात, हा दर ठरलेला आहे. आपल्या रुपयाला तिथे 'आयसी' म्हणतात, भाव विचारताना आयसी की नेपाळी ते आधी विचारा, नाहीतर नंतर मनं दुखावतात. शंभराच्या वरच्या भारतीय नोटांवर नेपाळने 2018 च्या डिसेंबरात बंदी घातली होती आणि हे नियम पुढेही बदलत आले आहेत, म्हणून शंभराच्याच नोटा न्या किंवा पोखऱ्याला बदलून घ्या. वर कार्डावर विसंबू नका. आणि ज्या पाकिटात हात घालायचा नाही असं एक पाकीट : एका रात्रीची खोली, एक वेळची जीप, चार जणांचं जेवण. मोकळ्या दिवसाचे पैसे ते.

कपडे तुम्हाला कळतात. फक्त वाऱ्याचं बोलते : नाक-तोंड झाकेल असा सुती पंचा किंवा ओढणी, गॉगल, ओठांना लावायला काहीतरी. छत्री नको, उलटी होते. जोमसोम ते कागबेनी नदीच्या पात्रातून चालायचं असेल तर सकाळी निघा. जाताना वारा निदान पाठीशी असतो, दुपारी उलट दिशेने आलात तर वाळू थेट तोंडावर.

खाण्याचं आपल्या लोकांना फार दडपण असतं. दशम्या, चटण्या, सगळं बांधून नेतात. थोडं न्या, पण थकाली जेवण, म्हणजे या दरीतल्या थकाली लोकांच्या घरचं, सोडू नका. वरण, भात, भाजी, लोणचं, पुन्हा पुन्हा आग्रह करून वाढतात. मार्फ्याच्या घरमालकिणीने फापराच्या (कुट्टूच्या) पिठाचा ढिंडो केला होता, घट्ट उकडीसारखा, आणि सोबत चटणी. आईने एक घास घेतला, थांबली, चटणी बोटावर घेऊन हुंगली. "अगो, ही तिरफळां मां?" ती वेंगुर्ल्याची. मालकीण म्हणाली, टिमुर. मुठीत धरून दाणे आणून दाखवले, तीच काळी बी, तोच जिभेला झिणझिण्या आणणारा वास. एकाच कुळातली झाडं आहेत दोन्ही. त्यानंतर दोघी स्वयंपाकघरात तासभर बसल्या, एकीला मालवणी, दुसरीला नेपाळी, आणि आईने बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं कधी घालायची ते हातवारे करून सांगितलं. बांगडा मालकिणीने कधी पाहिलेला नव्हता.

मुक्तिनाथ. जीप राणीपौवापर्यंत, पुढे चढ. हळू चाला. 108 धारांखालून जायचं असेल तर कोरडे कपडे वरच्या पिशवीत हवेत, तळाशी नकोत, कारण पाणी बर्फाचं आहे आणि बोटं काम करत नाहीत. वयस्कर माणसांनी पाणी डोक्याला लावलं तरी पुरतं. शेजारच्या ज्वालामाईच्या देवळात जमिनीतल्या वायूवर जळणारी निळसर ज्योत आहे, वाकून बघा. बौद्ध लोकही हे स्थान तितकंच मानतात, तिथल्या भिक्षुणींना नमस्कार करा, फोटो विचारून घ्या. शाळिग्राम नदीच्या पात्रातले. आत चक्र दिसतं ते कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात राहणाऱ्या प्राण्याच्या शिंपल्याचं. देवघरात पुजायचा असेल तर एक आणा, पिशव्या भरू नका.

बाकीचं भराभर. सिम काठमांडूला घ्या, डोंगरात सरकारी कंपनीची रेंज बरी. बॅटरी, टॉर्च. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. छोट्या विमानात सामान कमी चालतं, जास्तीची बॅग पोखऱ्याच्या हॉटेलात ठेवा. जोमसोमला ज्यांच्याकडे राहाल त्यांच्याकडून एका जीपवाल्याचा नंबर आदल्या रात्रीच घेऊन ठेवा, उड्डाण रद्द झाल्यावर नव्हे. रबरबँड, पिशव्या, ओआरएस. झालं.

आता तिकीट उघडा आणि मुंबईच्या विमानाची तारीख बघा. त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही कुठे झोपणार आहात? उत्तर 'काठमांडू' असेल तर त्याच्याही आदल्या दिवसाचं बघा. तिथेही 'काठमांडू' किंवा निदान 'पोखरा' असायला हवं. 'जोमसोम' असेल तर तारीख बदला, आजच, वाढीव पैसे भरून.