गाडी लांब लावा आणि चाला

न्यू जर्सीत नवीन आलेल्यांना लायसन्स, एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर), क्रेडिट स्कोअर याबद्दल सल्ला द्यायला मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पन्नास जण टपलेले असतात. पण नवी गाडी घेतली की महिना-दोन महिन्यांत जो मेसेज येतो, त्यावर कुणाकडे धड उत्तर नसतं. "दारावर पोचा पडलाय, कुणी पाडला माहीत नाही, आता काय करू?" सोबत फोटो, आणि खाली इतरांचे रडके इमोजी. हे सगळं त्या मेसेजच्या आधी वाचायचं आहे.

आधी साधं गणित बघा. इथल्या पार्किंग लॉटमधली एक जागा साधारण नऊ फूट रुंद असते. टोयोटाची कॅमरी काय किंवा होंडाची सीआर-व्ही काय, आरसे सोडून सहा फुटांच्या आसपास भरते. म्हणजे दोन्ही गाड्या पट्ट्यांच्या बरोबर मधोमध असतील तर दोघींमध्ये तीन फूट उरतात. एकाने जरी वाकडी लावली की दोनच. तेवढ्यात मागचं दार उघडून कारसीटमधलं मूल बाहेर काढायचं म्हणजे दार शेजारच्याला लागणारच. म्हणून गाडी सरळ आणि मधोमध लावा. जमली नाही तर लाज न बाळगता मागे घेऊन पुन्हा लावा. तुमची वाकडी असली की शेजारी येणाराही वाकडीच लावतो, आणि मग पोचा तुमच्याच दारावर येतो.

दुसरं म्हणजे लांब लावा. दुकानाच्या दाराजवळची जागा मिळावी म्हणून दहा मिनिटं घिरट्या घालणारी आपली माणसं मी बघतो. हीच मंडळी संध्याकाळी जिममध्ये ट्रेडमिलवर चालायला जातात! लॉटच्या टोकाला, रांगेतली शेवटची जागा शोधा, जिच्या एका बाजूला कर्ब (फुटपाथची उंच कड) किंवा गवताचा पट्टा असेल. त्या बाजूला जरा सरकून लावली तरी चालते, फक्त चाकाची रिम कर्बला घासू देऊ नका. पार्किंग डेकमध्ये (बहुमजली पार्किंगमध्ये) खांबाशेजारची जागा चांगली, पण खांब तुमच्या ड्रायव्हरच्या बाजूला आला तर उतरताना तुमचंच दार आपटेल. मेट्रोपार्क स्टेशनवरून रोज न्यूयॉर्कला जाणाऱ्यांनी डेकमध्ये वर जावं. खालच्या मजल्यांवर सकाळी ट्रेन पकडायच्या घाईत लोक गाडी कशीही कोंबतात, आणि तुमची गाडी तिथे दिवसभर उभी राहणार असते.

शेजारीही निवडता येतो. मिनीव्हॅन हा सगळ्यात उत्तम शेजारी, कारण सिएना किंवा ऑडिसीची मागची दारं सरकणारी असतात. तिच्यातून चार पोरं उतरली तरी तुमच्या दाराला धोका नाही. उलट दोन दारांच्या कूपेपासून लांब राहा. तिचं दार लांबलचक असतं आणि अरुंद जागेत पूर्ण उघडावं लागतं. ज्या गाडीच्या चारही बाजू आधीच चेपलेल्या आहेत, तिच्या शेजारी लावण्यात काही शहाणपण नाही. दुकानातल्या कार्ट (सामानाच्या ढकलगाड्या) परत ठेवायच्या कोंडवाड्याशेजारची जागा रिकामी दिसली तर ती का रिकामी आहे याचा विचार करा. जमिनीला उतार असेल तर उताराच्या खालच्या टोकालाही लावू नका. मार्चमधल्या वाऱ्यात मोकळी सुटलेली कार्ट लॉटभर फिरते आणि कुठेतरी थांबते, बहुतेक वेळा कुणाच्या तरी बंपरवर. ऑल्डी या ग्रोसरी दुकानात कार्टसाठी क्वार्टर अडकवावा लागतो, म्हणून तिथल्या लॉटमध्ये मोकाट कार्ट क्वचितच दिसतात. पंचवीस सेंटसाठी माणूस किती शिस्तीने वागतो ते तिथे उभं राहून बघण्यासारखं आहे.

आता एडिसन-इसेलिनच्या ओक ट्री रोडबद्दल. शनिवारी संध्याकाळी तिथल्या कुठल्याही देशी ग्रोसरीच्या लॉटमध्ये नवी गाडी नेऊ नका. कढीपत्ता संपला असेल तर रविवारी सकाळी दुकान उघडताना जा, किंवा मंगळवारी रात्री. रस्त्यावर लावलीत तर आरसे मिटून ठेवा. "इथले लोक बेशिस्त" असं म्हणण्याआधी एवढं लक्षात घ्या, की त्या लॉटमध्ये दार आपटणारे बहुतेक आपलेच असतात. गणपतीच्या कार्यक्रमाला शाळेचा हॉल घेतलेला असतो, सगळे आरतीच्या वेळेला एकदम उगवतात, आणि पोरं गाडी थांबायच्या आत दार ढकलून पळतात. मुलांना एकच नियम शिकवा: बाबा किंवा आई बाहेर येऊन दार धरेपर्यंत कुणी उतरायचं नाही. चाइल्ड लॉक त्यासाठीच असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मी प्रत्येक नव्या माणसाला दोनदा सांगतो. तुमच्या हातून दुसऱ्याच्या उभ्या गाडीला धक्का लागला तर निघून जाऊ नका. चिठ्ठी ठेवा. न्यू जर्सीच्या कायद्यात हे स्पष्ट लिहिलेलं आहे: मालक सापडला नाही तर नाव-पत्ता लिहिलेली चिठ्ठी गाडीवर नीट, दिसेल अशी अडकवायची. लागलंय हे ठाऊक असताना निघून गेलात तर पहिल्याच वेळी दोनशे ते चारशे डॉलर दंड, तीस दिवसांपर्यंत तुरुंग होऊ शकतो, आणि लायसन्स सहा महिन्यांसाठी जातं. इथे लायसन्स जाणं म्हणजे काय, हे उपनगरात गाडीशिवाय दूध आणायला निघालात की कळेल. "छोटासाच ओरखडा, कुणी पाहिलं नाही" असं म्हणून निघालेल्यांच्या गोष्टी मी ऐकल्या आहेत. समोरच्या दुकानाचा कॅमेरा पाहत होता, शेजारच्या टेस्लाचा सेंट्री मोड (उभ्या गाडीच्या आजूबाजूचं टिपणारे कॅमेरे) पाहत होता, आणि काही दिवसांनी पोलिसांचा फोन आला. मग वकील, म्युनिसिपल कोर्टाची तारीख, ऑफिसमधून सुट्टी, आणि एच-वन व्हिसावर असाल तर पुढच्या काही फॉर्मांवर त्याचं उत्तर देत बसा. दीड-दोनशे डॉलरच्या ओरखड्यासाठी हजारो डॉलर आणि झोप जाते. चिठ्ठी ठेवली असती तर इन्शुरन्सने निस्तरलं असतं. पुन्हा सांगतो: चिठ्ठी ठेवा. वायपरखाली ठेवा, पावसाची चिन्हं असतील तर झिपलॉक पिशवीत घालून ठेवा, आणि ठेवलेल्या चिठ्ठीचा फोटो काढा.

तुमच्याच गाडीला कुणी ठोकून गेलं तर जागेवरून हलण्याआधी फोटो काढा, शेजारच्या गाड्यांच्या नंबर प्लेटसकट. दुकानात जाऊन कॅमेऱ्याबद्दल लगेच विचारा. फुटेज काही दिवसांत पुसलं जातं, आणि दुकानं ते बहुधा पोलिसांनाच देतात, तुम्हाला नाही. नुकसान पाचशे डॉलरच्या वर दिसत असेल तर पोलिसांना बोलवा आणि रिपोर्ट घ्या.

पण क्लेम करायची घाई नको. दारावरचा पोचा किंवा कार्टचा धक्का हे सहसा इन्शुरन्सच्या कोलिजन (धडकेच्या) भागाखाली येतं आणि तिथे डिडक्टिबल (दुरुस्तीतला आधी तुम्ही भरायचा वाटा) असतो, बहुतेकांचा पाचशे किंवा हजार. दुरुस्ती तीनशेची असेल तर कंपनी एक पैसाही देणार नाही, पण क्लेमची नोंद मात्र सात वर्षांपर्यंत राहते आणि पुढची कंपनी भाव सांगताना ती बघू शकते. किल्लीने कुणी मुद्दाम ओरखडा काढला असेल तर तो कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये (चोरी, तोडफोड वगैरेच्या भागात) येतो. हरीण धडकलं तर तेही कॉम्प्रिहेन्सिव्ह, आणि इथे हरणं भरपूर आहेत.

रंग फाटलेला नसेल तर 'पेंटलेस डेंट रिमूव्हल' करणारा माणूस शोधा. तो पत्र्याच्या मागून सळईने पोचा हळूहळू वर आणतो, रंगाला हात लावत नाही. छोटा पोचा शे-दोनशे डॉलरमध्ये निघतो. दाराच्या कडेवर किंवा पत्र्याच्या धारदार घडीवर पडलेला पोचा मात्र अवघड. ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकत नसेल तर तो रंगावरच्या पारदर्शक थरात, क्लिअर कोटमध्येच आहे, पॉलिशने जाईल. अडकलं आणि खालचा पत्रा दिसत असेल तर टच-अप पेंट लावा. रंगाचा कोड बऱ्याच गाड्यांच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. हे थंडीच्या आधी करा, कारण रस्त्यावरचं मीठ उघड्या पत्र्याला गंज चढवतं.

बर्फाबद्दल थोडक्यात: फावडं फक्त ड्राइव्हवेसाठी. गाडीवरचा बर्फ फोमच्या ब्रशने काढा, आणि टपावरचाही काढा, नाहीतर या राज्यात त्याचाही दंड आहे. मिठाने माखलेली गाडी कोरड्या फडक्याने पुसू नका.

डीलरच्या फायनान्सच्या खोलीत 'पेंट प्रोटेक्शन पॅकेज' विकायला बसतात. घेऊ नका. सिरॅमिक कोटिंगने गाडी चमकते आणि धुवायला सोपी जाते, पोचा अडत नाही. रंगावर चिकटवायच्या पारदर्शक फिल्मने टर्नपाइकवर (टोलच्या महामार्गावर) उडणाऱ्या खड्यांपासून बोनेट वाचतं, शेजाऱ्याच्या दारापासून दार नाही. त्या पैशात पार्किंग मोड असलेला डॅशकॅम येतो, पण तो हार्डवायर करून (थेट गाडीच्या वायरिंगला जोडून) घ्या आणि बॅटरी ठराविक व्होल्टेजखाली गेली की बंद पडेल असा बसवा. लॉटमध्ये गाडीवर कव्हर घालण्याचा उत्साहही नको. खाली अडकलेली धूळ वाऱ्याने घासली जाऊन उलट बारीक चरे पडतात.

ब्रिजवॉटरच्या मंदिरात गाडीची पूजा जरूर करा. फक्त अंगठी घातलेल्या बोटाने बोनेटवर स्वस्तिक काढू नका, आणि सुकलेलं कुंकू खरवडू नका, पाण्याने धुऊन काढा.

गाडी लीजवर असेल तर परत करण्याआधी कंपनीची तपासणी असते. किती मोठा पोचा किंवा ओरखडा चालतो, याची मापं करारासोबतच्या पुस्तिकेत असतात, पुष्कळदा क्रेडिट कार्डच्या आकाराची. तपासणीच्या दोनेक आठवडे आधी गाडी धुऊन उन्हात उभी करा, त्या मापाने मोजा, आणि मोठे पोचे बाहेरच्या कारागिराकडून काढून घ्या. कंपनीच्या बिलापेक्षा ते बहुतेक वेळा स्वस्त पडतं.