पाणलोटाच्या कामाला गावातून पैसा उभा करायचा तर

पाणलोटाचं काम, म्हणजे पावसाचं वाहून जाणारं पाणी चर-बांध घालून गावातच अडवायचं काम, काढायचं म्हटलं की पहिली मीटिंग पैशावरच होते आणि तिथंच गाडी अडते. माझं म्हणणं, आधी अडवलेलं पाणी कुणाचं ते ठरवा आणि ग्रामसभेत ठराव करून लिहून घ्या. काम माथ्यापासून पायथ्याकडं चालतं, सीसीटी म्हणजे सलग समतल चर खोदायचे वरच्या गायरानात, तिथं चराईबंदी लागते, आणि पाणी चढतं खाली ओढ्याकाठच्या विहिरींना. ज्याच्याकडं चार शेळ्या सोडून काही नाही त्याचं रान बंद आणि बागायतदाराची विहीर उन्हाळ्यात पण भरलेली, मग दोघांकडून घरटी सारखीच वर्गणी मागितली तर शेळ्यावाला श्रमदानाला कशाला येईल?

म्हणून वर्गणी विहिरीमागं आणि बागायती एकरामागं लावा. भूमिहीन घरांकडून पैसे घेऊ नका, उलट रोजगार हमीतून बांधबंदिस्तीची कामं निघाली की त्यांना आधी मजुरी मिळेल असं बघा, जॉबकार्ड आत्ताच काढून ठेवा.

हे काही हवेतलं नाही. पुरंदर तालुक्यात १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखेंनी पाणी पंचायत उभी केली, त्यांच्या उपसा योजनांत २० टक्के पैसे शेतकऱ्यांनी भरायचे, ५० टक्के सरकारी अनुदान आणि ३० टक्के त्यांच्या ट्रस्टकडून बिनव्याजी कर्ज. पाण्याचा वाटा जमिनीवर नाही तर माणसावर, माणशी अर्ध्या एकराचं पाणी, घराला जास्तीत जास्त अडीच एकराचं, भूमिहीनालाही हिस्सा, आणि ऊस लावायचा नाही. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला पण दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि पिकं त्यावर ठरवतात, शेतीसाठी बोअर मारायला बंदी आहे. नाहीतर सगळ्यांनी मिळून अडवलेलं पाणी एकटाच बोअरवाला उपसून नेतो, हे मी बघितलंय आणि फार वाईट वाटतं.

वर्गणी कांदा, सोयाबीनचा पैसा हातात आल्यावर मागा, बियाणं-खताच्या दिवसांत नको. खातं समितीच्या नावावर, दोन सह्यांचं, त्यातली एक सही बाईची. खर्चाचा हिशोब देवळाच्या भिंतीवर लावा.

आणि सगळा पैसा खोदकामातच घालू नका. एका गावात माती नालाबांधाचा सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट, बाजूनं खचला होता, हात जाईल एवढी भेग, दगड-सिमेंटचं थोडक्यात भागणारं काम, पण खात्यात रुपया नव्हता, पुढच्या पावसात अख्खा बांध वाहून गेला. त्यामुळं देखभालीचं खातं पहिल्याच दिवशी वेगळं काढा, बांधातून काढलेला गाळ ज्याच्या शेतात जाईल त्यानं ट्रॉलीमागं ठरलेली रक्कम त्यात भरायची.