बीएमटीनंतरच्या लसी : आधी घरातले पोलिओचे थेंब थांबवा

बोन मॅरो ट्रान्सप्लांट (बीएमटी, म्हणजे हाडांतला रक्त तयार करणारा मगज बदलणं) करून मूल घरी आणताय, तर लसींची फाइल उघडण्याआधी घरात पाच वर्षांखालचं कोण कोण आहे ते बघा. त्या मुलांना पोलिओचे थेंब पाजायचे नाहीत, त्याऐवजी पोलिओचं इंजेक्शन द्यायचं. पोलिओची लस टाळा असं मी म्हणत नाही, थेंब टाळा म्हणते. मी हेच विसरले होते.

लेकाला थॅलेसेमिया मेजर (रक्ताचा जन्मजात आजार), डोनर थोरली लेक. ट्रान्सप्लांटनंतर पाचव्या महिन्यात एका रविवारी जावेचं बाळ त्याच्या मांडीवर खेळत होतं, आणि बाळाच्या डाव्या करंगळीच्या नखावर मला शाई दिसली. सासूबाई सकाळीच बूथवर जाऊन आल्या होत्या. त्यांचा दोष नाही, मी घरात कुणाला बोललेच नव्हते. थेंबांतला विषाणू दुबळा केलेला असला तरी जिवंत असतो आणि बाळाच्या शौचातून कित्येक आठवडे बाहेर पडतो. जाऊ बाळाला घेऊन सहा आठवडे माहेरी राहिली. लेकाला काही झालं नाही, पण तेवढे दिवस मी रोज रात्री त्याचे पाय चाचपून बघायचे.

म्हणून पल्स पोलिओची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. बूथ चुकला तर पुढच्या दिवसांत ताई घरी येतात. दार कोण उघडणार, काय सांगणार, हे आधीच ठरवा. तान्हं बाळ असेल तर सहा, दहा, चौदा आठवड्यांना आणि दीड वर्षाच्या बूस्टरलाही थेंब असतात, त्याच्या डॉक्टरांशी बोलून ठेवा. आजीला सांगा. शेजारच्या ज्या घरात मूल खेळायला जातं तिथेही सांगा.

आता मुलाच्या स्वतःच्या लसी. जुनं कार्ड जपून ठेवा, पण त्यावरचे शिक्के आता धरायचे नाहीत. ट्रान्सप्लांटआधीच्या केमोने हाडांतला जुना मगज गेला, त्याच्याबरोबर जुन्या लसींची आठवण धरून ठेवणाऱ्या पेशीही गेल्या. डोनरची थोडी प्रतिकारशक्ती येते, पण ती टिकत नाही. पाटी कोरी. नवी वही करा आणि पहिल्या पानावर डे झीरोची (डोनरच्या पेशी मुलाला चढवल्या त्या दिवसाची) तारीख लिहा, कारण पुढचे सगळे महिने तिथूनच मोजतात.

सुरुवात बहुधा न्यूमोकोकलपासून (न्यूमोनियाच्या एका जंतूची लस), तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात, महिन्या-महिन्याने तीन डोस. चौथा डोस पुढे असतो, तो बऱ्याच जणांचा राहून जातो. फ्लूची लस साधारण सहाव्या महिन्यापासून आणि मग दरवर्षी. ती घरातल्या सगळ्यांनी घ्यायची, आजोबा नको म्हणाले तरी. घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वात, हिब (मेंदुज्वर-न्यूमोनिया करणाऱ्या एका जंतूची लस), इंजेक्शनचा पोलिओ, कावीळ बी हे सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान, तीन-तीन डोस. कावीळ बीचा कोर्स संपल्यावर महिना-दोन महिन्यांनी टायटर (रक्तातल्या अँटीबॉडीचं प्रमाण) तपासा. १० च्या खाली आला तर डॉक्टरांना विचारा, पुन्हा कोर्स लागतो. वय उलटून गेल्यामुळे यातलं बरंचसं सरकारी केंद्रात मिळेलच असं नाही. पैसे बाजूला ठेवा.

जिवंत लसींची घाई नको. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या २४ महिन्यांनंतरच, तेही जीव्हीएचडी (डोनरच्या पेशींनी मुलाच्या शरीरावर केलेला हल्ला) नसेल आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या बंद झाल्या असतील तर. आयव्हीआयजी (शिरेतून चढवायच्या अँटीबॉडी) दिली असेल तर शेवटच्या बाटलीची तारीख वहीत हवी. त्यानंतर आठ ते अकरा महिने गोवराची लस थांबते. बीसीजी पुन्हा नाहीच. गल्लीतल्या डॉक्टरांनी ‘देऊन टाकू’ म्हटलं तरी ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना फोन केल्याशिवाय हो म्हणू नका.

भावंडांना गोवराची लस चालते, द्याच. कांजिण्यांचीही चालते, नंतर अंगावर पुरळ उठलं तर तेवढे दिवस वेगळं झोपवा. बाळाला रोटाचे (जुलाबाच्या रोटाव्हायरसविरुद्धच्या लसीचे) थेंब दिले तर महिनाभर त्याचे लंगोट ट्रान्सप्लांटच्या मुलाला सांभाळणाऱ्याऐवजी दुसऱ्याने बदलायचे, हात साबणाने धुवायचे.

आणि घरातल्या बाळाला पोलिओचे थेंब कुणी चुकून पाजलेच, तर लपवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा आणि चार ते सहा आठवडे ते बाळ आणि ट्रान्सप्लांटचं मूल, दोघांना वेगळं ठेवा. वहीच्या पहिल्या पानावर डे झीरोच्या खाली एवढंच लिहा : घरात थेंब नाहीत.