संगणकातील डीएनएस कॅश कशी पुसावी

‘कॅश साफ करावी लागेल,’ असे मी म्हणालो तेव्हा पतसंस्थेतील रोखपालबाई क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिल्या. तिजोरीला अर्थातच धोका नव्हता. संस्थेचे संकेतस्थळ आदल्या रात्री नव्या सर्व्हरवर हलवले होते. माझ्या मोबाइलवर, मोबाइल डेटा वापरून, ठेवींचे नवे व्याजदर दिसत होते आणि त्यांच्या संगणकावर मात्र जुनेच पान उघडत होते.

संकेतस्थळाचे नाव माणसांच्या सोयीसाठी असते. संगणकाला आकडी आयपी पत्ता लागतो आणि नावावरून तो शोधून देण्याचे काम डीएनएस ही व्यवस्था करते. पॉल मोकापेट्रिस यांनी ती १९८३ साली मांडली. दर वेळी तीच विचारपूस करावी लागू नये म्हणून मिळालेले उत्तर संगणक जपून ठेवतो; ही साठवण म्हणजेच डीएनएस कॅश. किती काळ ठेवायचे, ते उत्तरासोबतच सेकंदांत कळवलेले असते : ३०० म्हणजे पाच मिनिटे, ८६४०० म्हणजे अख्खा दिवस. या मुदतीत पत्ता बदलला, तर संगणक निमूटपणे जुन्याच दारात जाऊन उभा राहतो. ही साठवण पुसल्याने पासवर्ड किंवा लॉगिन जात नाहीत. ते ब्राउझरच्या वेगळ्या साठ्यात असतात, आणि बरेच जण चुकून तोच साठा रिकामा करून सगळीकडून लॉगआउट होऊन बसतात.

पुसण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावे, असा माझा आग्रह असतो. विंडोजमध्ये स्टार्ट मेनूत ‘सीएमडी’ शोधून कमांड प्रॉम्प्ट उघडावा. पुढील आज्ञा येथे देवनागरीत दिल्या असल्या, तरी टाइप करताना त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत लिहायच्या आहेत. ‘आयपीकॉन्फिग’, एक स्पेस, तिरकी रेघ (/) आणि तिला चिकटून ‘डिस्प्लेडीएनएस’ असे लिहून एंटर दाबले, की साठवलेल्या नोंदींची लांबलचक यादी सरकू लागते. पत्ता असलेल्या नोंदीत ‘टाइम टू लिव्ह’ या शब्दांपुढे उरलेले सेकंद असतात. थोड्या वेळाने तीच आज्ञा पुन्हा दिली, की हा आकडा घटलेला दिसतो. काही नोंदींत पत्त्याऐवजी ‘नेम डझ नॉट एग्झिस्ट’ असते, कारण ‘असे नाव नाही’ हे उत्तरही साठवले जाते. नवे डोमेन सुरू होण्याआधीच उतावीळपणे उघडून पाहणाऱ्यांना याचाच फटका बसतो.

आता ‘डिस्प्लेडीएनएस’च्या जागी ‘फ्लशडीएनएस’ लिहून एंटर दाबावे. साठा यशस्वीरीत्या रिकामा झाल्याचा एका ओळीचा संदेश येतो. परवानगी अपुरी असल्याची तक्रार आली, तर कमांड प्रॉम्प्टवर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडावे. होस्ट्स नावाच्या फाइलमध्ये कोणी हाताने पत्ता लिहून ठेवला असेल, तर तो मात्र या आज्ञेने जात नाही. ती ओळ फाइल उघडूनच काढावी लागते.

मॅकवर टर्मिनल उघडून ‘सुडो डीएसकॅशयुटिल -फ्लशकॅश’ आणि त्यानंतर ‘सुडो किलऑल -एचयूपी एमडीएनएसरिस्पॉन्डर’ अशा दोन आज्ञा द्याव्या लागतात. दुसऱ्या आज्ञेत ‘एचयूपी’ ही तिन्ही अक्षरे मोठी असतात आणि शेवटच्या शब्दात पहिले ‘एम’ लहान, तर ‘डीएनएस’ व ‘रिस्पॉन्डर’चे ‘आर’ मोठे असते. यावेळी मागितला जाणारा मॅकचा पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, त्याने गोंधळून जाऊ नये. उबुंटूच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ‘रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस’ एवढे पुरते.

क्रोम स्वतःचीही छोटी साठवण ठेवतो. पत्त्याच्या पट्टीत ‘क्रोम’, कोलनचे चिन्ह (:), दोन तिरक्या रेघा, ‘नेट-इंटर्नल्स’, पुन्हा एक तिरकी रेघ, हॅशचे चिन्ह आणि ‘डीएनएस’ असे सलग लिहिल्यावर ‘क्लिअर होस्ट कॅश’ हे बटण मिळते.

एवढे करूनही जुनेच पान दिसले, तर तीच आज्ञा दहादा देण्यात अर्थ नाही. त्याऐवजी ‘एनएसलुकअप’ लिहून पुढे संकेतस्थळाचे नाव द्यावे. ही आज्ञा विंडोजची साठवण वगळून थेट डीएनएस सर्व्हरला विचारते. मग नावापुढे स्पेस देऊन ८.८.८.८ हा गूगलच्या सार्वजनिक सर्व्हरचा पत्ता जोडून तोच प्रश्न पुन्हा विचारावा. पहिले उत्तर जुने आणि दुसरे नवे आले, तर जुना पत्ता राउटरने किंवा इंटरनेट सेवादात्याच्या सर्व्हरने धरून ठेवला आहे, असे समजावे.

पतसंस्थेत नेमके हेच निघाले. राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून पुन्हा चालू केला, संगणकावर ‘फ्लशडीएनएस’ची आज्ञा पुन्हा एकदा दिली, आणि रोखपालबाईंनी नवे दर समोरच्या फलकाशी ताडून पाहिले.