जुन्या पिकअपची दुरुस्ती आणि सुट्या भागांचा शोध: गॅरेजात नव्याने येणाऱ्यांसाठी

आयटीआयमधला ‘मेकॅनिक डिझेल’ हा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण करून मी शिरोळ तालुक्यातल्या एका गॅरेजात कामाला लागलो, तेव्हा पहिल्याच महिन्यात मला २००६ सालच्या बोलेरो पिकअपची क्लच प्लेट आणण्यासाठी कोल्हापूरला पाठवण्यात आले. मी दुकानात जाऊन गाडीचे नाव आणि साल सांगितले, दुकानदाराने डबा काढून दिला, मी पैसे देऊन एसटीने परत आलो. प्लेटीचा बाहेरचा व्यास अगदी बरोबर होता, पण गिअरबॉक्सच्या शाफ्टवर ती चढेना. शाफ्टला दहा जाड दाते होते आणि मी आणलेल्या प्लेटीच्या हबमध्ये बारीक दाते होते, मोजले तर तेवीस भरले. वस्तादांनी एवढेच विचारले, “जुनी प्लेट संगट का न्हेली न्हाईस?” माझ्याकडे उत्तर नव्हते. दुकानदाराची चूक नव्हती, कारण मी जे मागितले तेच त्याने दिले होते; पण त्या गाडीचा मूळ गिअरबॉक्स आधीच्या मालकाने कधीतरी बदलून दुसऱ्या गाडीचा बसवला होता, आणि ही गोष्ट आरसी बुकात कुठेही लिहिलेली नसते.

जुनी पिकअप कागदावर जी असते ती प्रत्यक्षात क्वचितच उरलेली असते, हे त्या दिवशी मला कळले. पंधरा वर्षे माल वाहिलेल्या गाडीत कोणी मागचा एक्सल बदललेला असतो, कोणी स्प्रिंगचे जड पाटे वाढवलेले असतात, कोणी स्टार्टर दुसऱ्या मॉडेलचा बसवलेला असतो. म्हणून गाडीच्या नावावर भाग मागू नये, भागाच्या मापावर मागावा. ही सवय लागेपर्यंत माझे बरेच दिवस आणि मालकाचे बरेच पैसे वाया गेले.

सुरुवात तरीही कागदापासूनच करावी लागते. चासी क्रमांक सतरा अक्षरांचा असतो. महिंद्राच्या गाडीत तो एमए१ ने आणि टाटाच्या गाडीत एमएटी ने सुरू होतो. त्यातले दहावे अक्षर साधारणपणे मॉडेलचे वर्ष सांगते: २००६ साठी ६, २००९ साठी ९ आणि २०१० साठी इंग्रजी ए. आय, ओ आणि क्यू ही अक्षरे या क्रमांकात वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी मिसळतात; त्यामुळे गंजलेल्या चासीवर गोल आकार दिसला तर तो शून्य समजावा. आरसी बुकातली नोंदणीची तारीख आणि गाडी तयार झाल्याची तारीख यांत कित्येक महिन्यांचे अंतर असू शकते, आणि नेमका त्याच काळात कंपनीने एखादा भाग बदललेला असेल तर नोंदणीच्या सालावर विसंबणारा फसतो. देशभर भारत स्टेज ३ चे धुराच्या प्रदूषणाचे निकष एप्रिल २०१० पासून आणि भारत स्टेज ४ चे एप्रिल २०१७ पासून लागू झाले. या सीमारेषांच्या आसपासच्या गाड्यांत पंप, इंजेक्टर आणि वायरिंग यांची अदलाबदल सर्वांत जास्त आढळते, म्हणून अशा गाडीचा इंधनाचा भाग मागताना दुप्पट खात्री करावी.

आता मापांकडे वळतो. बेअरिंगच्या कडेवर कोरलेला क्रमांक हा नवशिक्याचा सर्वांत मोठा आधार असतो, आणि तो वाचायला कोणी सहसा शिकवत नाही. ६२०५ किंवा ६३०५ अशा क्रमांकातले शेवटचे दोन आकडे पाचने गुणले की आतल्या भोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. ०४ पासून पुढे हा हिशेब चालतो. दोन्ही बेअरिंगांचे भोक २५ मिलिमीटरचेच असते, पण ६२०५ चा बाहेरचा व्यास ५२ आणि जाडी १५ मिलिमीटर असते, तर ६३०५ चा व्यास ६२ आणि जाडी १७ मिलिमीटर असते. एकदा हा क्रमांक हाती आला की गाडीचे नाव घेण्याची गरजच उरत नाही. मोटारपंपाची बेअरिंग विकणारे खेड्यातले दुकानही तुमच्या अल्टरनेटरची बेअरिंग देऊ शकते. ऑइल सीलवरही तीन आकडे असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. फॅन बेल्टवर रुंदी आणि लांबी छापलेली असते. १३ आणि १००० असे आकडे दिसले तर तेरा मिलिमीटर रुंद आणि एक मीटर लांब असा त्याचा अर्थ. बेल्ट तुटून पडण्याआधी, तो नवा असतानाच हे आकडे वहीत उतरवून ठेवावेत, कारण झिजल्यावर सर्वांत आधी छपाई जाते.

आट्यांचा विषय थोडा सविस्तर सांगणे भाग आहे, कारण माझ्या हातून सर्वांत जास्त नुकसान इथेच झाले. त्या काळातल्या बोलेरो पिकअपमध्ये जे २५२३ सीसीचे डिझेल इंजिन येत असे, त्याचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ८८.९ आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) १०१.६ मिलिमीटर आहे. हे आकडे विचित्र वाटतात, पण इंचात मोजले की साडेतीन आणि चार असे सरळ येतात. महिंद्राने १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टरची कंपनी काढली होती, आणि या इंजिनाचे कूळ त्या ट्रॅक्टरांच्या इंजिनापर्यंत जाते. अशा जुन्या कुळाच्या गाडीवर इंची आटे आणि मिलिमीटरचे आटे शेजारीशेजारी भेटतात. वस्ताद लोक इंची बोल्ट सुतात मोजतात. आठ सुतांचा एक इंच, म्हणून अडीच सुती बोल्ट म्हणजे ५/१६ इंच, अर्थात ७.९४ मिलिमीटर. आठ मिलिमीटरचा बोल्ट डोळ्यांना अगदी तसाच दिसतो, भोकात दोन आटे सहज फिरतोही, आणि मग अडकतो. तिथे नवशिका मुलगा पान्याला पाइप लावून जोर देतो आणि भोकातले आटे घालवून बसतो. मीही एका वॉटर पंपावर तेच केले. दोघांच्या आट्यांची घनता वेगळी असते: आठ मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टात दोन आट्यांमधले अंतर १.२५ मिलिमीटर असते, अडीच सुती बारीक आट्यात इंचाला चोवीस आटे, म्हणजे जेमतेम १.०६ मिलिमीटर. दोनशे-तीनशे रुपयांत आट्यांचे गेज मिळते. पहिल्या पगारातून ते घ्यावे, सॉकेटचा चकचकीत सेट नंतर घेतला तरी चालतो. बोल्ट हाताने तीन-चार आटे जात नसेल तर तो त्या भोकाचा नाही असे समजून बाहेर काढावा. पान्यांचेही तसेच आहे. चार सुती पान्याचे तोंड १२.७ मिलिमीटरचे असते आणि त्या डोक्यावर तेरा नंबरचा पाना बसल्यासारखा वाटतो, पण जाम झालेल्या बोल्टावर तो घसरतो आणि डोके गोल करून सोडतो.

भाग कुठे शोधायचे, हा प्रश्न मला नवे विद्यार्थी सर्वांत आधी विचारतात. क्रँक ग्राइंडिंग, बोअरिंग, फ्लायव्हील घासून घेणे अशा कामांसाठी आमच्या भागात कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगराला पर्याय नाही. ऑइल इंजिन आणि फाउंड्रीच्या धंद्यावर वाढलेल्या त्या गल्ल्यांत अजून असे कारागीर आहेत, जे नसलेला बुश जुन्याच्या मापावरून लेथवर करून देतात. नव्या भागांसाठी पुण्याची नाना पेठ, आणि जुने निघालेले भाग हवे असतील तर मुंबईत कुर्ल्याचा बाजार. आधी फोन करून भागाचा फोटो पाठवावा, पण फोटोत शेजारी मोजपट्टी ठेवावी; मोजपट्टीशिवायच्या फोटोवर दुकानदार ‘आहे, या’ म्हणतो आणि तुमचा दिवस जातो. बोलेरोवाल्याकडे भाग मिळाला नाही तर ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात एक फेरी मारावी, इंजिनाचे कूळ लक्षात असेल तर ती फेरी बहुधा रिकामी जात नाही. स्टार्टर आणि अल्टरनेटर यांवर बनवणाऱ्या कंपनीची नाव आणि क्रमांकाची स्वतःची पट्टी असते. लुकास टीव्हीएसचा क्रमांक त्या पट्टीवरून वाचता आला की गाडीच्या कंपनीचा महागडा डबा घेण्याऐवजी तोच भाग मूळ बनवणाऱ्याच्या डब्यात मिळतो. नॉझलवर ‘मिको’ असे नाव दिसले तर गोंधळून जाऊ नये. त्या कंपनीचे नाव २००८ मध्ये बॉश झाले.

जुने निघालेले भाग सगळेच घेण्यासारखे नसतात. गिअरबॉक्सचे घर, एक्सलची नळी, दरवाजे, बंपर, स्टिअरिंगचा कॉलम हे जुने घेतले तरी हरकत नाही. ब्रेकचे रबर, व्हील सिलिंडर, टाय रॉडचे टोक आणि होज पाइप मात्र मी कधीही जुने बसवत नाही, गिऱ्हाइकाने कितीही आग्रह केला तरी. क्राउन आणि पिनियन (मागच्या एक्सलमधली मोठी आणि लहान दात्यांची चाके) नेहमी एकाच जोडीचे घ्यावेत, कारण ते कारखान्यात एकमेकांवर जुळवलेले असतात. घेण्यापूर्वी दात मोजावेत: क्राउनला ४१ आणि पिनियनला ८ दात असतील तर गुणोत्तर ५.१२५ येते, त्याऐवजी पिनियनला ९ दात असलेली जोडी बसली तर गुणोत्तर ४.५६ वर उतरते, गाडी रस्त्यावर पळते खरी, पण उसाच्या फडातून भरल्या मालासह बाहेर निघताना रडते. अख्खे इंजिन जुने घ्यायचे असेल तर बिल आणि इंजिन क्रमांकाची खात्री झाल्याशिवाय हात लावू नये. इंजिन बदलल्याची नोंद आरटीओकडे करावी लागते, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये असे बदल येतात. आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेससाठी न्यावे लागत असल्याने, लपवलेली गोष्ट वर्षाच्या आत उघडी पडते आणि तेव्हा मालक तुमच्याच दारात येऊन उभा राहतो.

बिघाड ओळखण्याविषयी एकच उदाहरण देतो. सकाळी गाडी उचलत नाही, दहा-पंधरा सेल मारल्यावर खोकत सुरू होते, आणि एकदा सुरू झाली की दिवसभर नीट चालते, अशी तक्रार घेऊन येणारी जुनी पिकअप महिन्यातून एखादी तरी असतेच. मालकाने तोवर बॅटरी बदललेली असते, कधी पंपही उघडून घेतलेला असतो. पुष्कळदा कारण असते टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या रबरी पाइपाला गेलेली केसाएवढी चीर. त्या पाइपात डिझेल ओढले जाते, ढकलले जात नाही. म्हणून चिरेतून डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत जाते आणि रात्रभरात पाइपातले डिझेल टाकीकडे उतरते. जमिनीवर डाग नाही म्हणून गळती नाही, असा निष्कर्ष काढणारा इथेच चुकतो. वस्तादांनी मला फिल्टरच्या आधी वीतभर पारदर्शक नळी जोडायला शिकवले. इंजिन चालू असताना त्या नळीतून बुडबुडे जाताना दिसले की शोध टाकीच्या दिशेने सुरू करायचा, आणि एकेक जोड बदलत बुडबुडे कुठे थांबतात ते पाहायचे. चीर सापडल्यावर पाइप आणि क्लिपा बदलून, फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंपाने हवा काढायची, फेस थांबून निव्वळ डिझेल येऊ लागले की स्क्रू आवळायचा. पूर्ण कामाचा खर्च चहापाण्याएवढा येतो. मात्र ते शोधायला लागलेल्या वेळाची मजुरी मागताना संकोच करू नये. हे मला फार उशिरा जमले.

सुरक्षिततेचे दोन नियम आमच्या गॅरेजात मोडता येत नाहीत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जात नाही, दोन्ही बाजूंना घोड्या (आधाराचे स्टँड) लावल्या आणि गाडी हलवून पाहिली की मगच आत सरकायचे. दुसरा नियम ब्रेकचा. ड्रमातली धूळ हवेच्या पाइपाने उडवायची नाही, कारण जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पुसायची. ब्रेकच्या तेलाच्या डब्यात इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचे तेल चुकूनही पडता कामा नये, त्याने रबरी वॉशर फुगतात आणि ब्रेक जाम होतात. असा एक डबा मी एकदा पाहिला आहे. मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंत प्रत्येक रबर बदलावे लागले होते.

वहीविषयी मी वर ओझरते लिहिले, तिचे स्वरूपही सांगतो. प्रत्येक गाडीला एक पान, वर चासी क्रमांक, खाली दर वेळी उघडलेल्या भागाचे माप आणि कोरलेला क्रमांक, कुठल्या गावाहून काय आणले, आणि काय जुळले नाही. न जुळलेल्या भागाची नोंद जुळलेल्याइतकीच नीट करावी, कारण वर्षभराने तीच गाडी दुसऱ्या पोराच्या हाती येते. माझ्या वहीचे पहिले पान अजून त्याच २००६ च्या पिकअपचे आहे, आणि त्यावर तांबड्या पेनाने लिहिलेली पहिली ओळ अशी आहे: क्लच प्लेट, दाते दहा, जुनी सोबत नेणे.