बर्फातल्या थरारपटांची घरी बैठक कशी जमवावी

बर्फाळ कड्यावरून झेपावणाऱ्या एखाद्या स्कीपटूची रील मोबाईलवर आली की आपण ‘नाद खुळा’ म्हणतो, ती मित्राला पाठवतो आणि पुढं सरकतो. रीलमध्ये उडी दिसते. ती कुठून मारायची हे ठरवायला तो माणूस समोरच्या डोंगराकडं किती वेळ बघत बसला होता, आदल्या रात्री वारा कुठल्या बाजूनं वाहिला, खाली मदतीला कोण थांबलंय, यातलं काहीच दिसत नाही. तासा-दीड तासाच्या फिल्ममध्ये ते सगळं असतं. फक्त आपल्याला ते बघता यायला हवं, आणि आपल्या टीव्हीला ते दाखवता यायला हवं.

आधी फिल्म निवडा

या फिल्म ढोबळमानानं दोन प्रकारच्या. एका प्रकारात गोष्ट नसतेच. एकेका खेळाडूला चार-पाच मिनिटं, मागं दणदणीत संगीत, मग पुढचा डोंगर. अमेरिकेत वॉरन मिलर यांनी 1950च्या सुमारास ही परंपरा रुजवली. दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडावर नवी फिल्म घेऊन ते गावोगावी जायचे आणि सभागृहात स्वतः उभं राहून निवेदन करायचे. दुसऱ्या प्रकारात एक मोहीम किंवा एक माणूस असतो. नवख्यानं सुरुवात या दुसऱ्या प्रकारानं करावी असं माझं ठाम मत आहे. नुसत्या उड्या वीस मिनिटांत एकसारख्या वाटायला लागतात.

माझा क्रम असा. पहिली ‘द मॅन हू स्कीड डाऊन एव्हरेस्ट’. जपानचे युइचिरो मिउरा 6 मे 1970 रोजी एव्हरेस्टच्या साउथ कोल या उंच खिंडीखालून स्कीवर निघाले, वेग आवरायला पाठीला पॅराशूट बांधून. पुढं ते घसरले आणि शेकडो मीटर फरफटत गेले. 1975च्या या माहितीपटाला ऑस्कर मिळालं. त्याच मोहिमेत बर्फ कोसळून 6 शेर्पांचा जीव गेला, ही गोष्टही फिल्म लपवत नाही. तिचा वेग आजच्या मानानं संथ आहे, म्हणूनच ती आधी बघा.

दुसरी ‘मेरू’. हे स्कीइंग नव्हे, गिर्यारोहण. पण डोंगर आपला आहे, गंगोत्रीजवळचा, 6,310 मीटरचा. 2008 साली तिघं जण आठवड्याच्या शिध्यावर जवळपास तीन आठवडे त्याच्या उभ्या कड्यावर काढून शिखराच्या अगदी जवळून परत फिरले. 2011 साली ते पुन्हा आले आणि माथ्यावर पोचले. तिसरी ‘द आर्ट ऑफ फ्लाइट’, 2011ची, स्नोबोर्डर (दोन्ही पाय एकाच रुंद फळीला बांधून बर्फावरून घसरणारा) ट्रॅव्हिस राइस यांची. ही मात्र निव्वळ डोळ्यांची मेजवानी. टीव्ही नीट लावल्याशिवाय तिला हात लावू नका.

मिळवायच्या कुठं? रेड बुल टीव्हीच्या ॲपवर बरंच काही फुकट आहे. टेटन ग्रॅव्हिटी रिसर्च, मॅचस्टिक प्रॉडक्शन्स अशा निर्मात्यांची स्वतःची यूट्यूब चॅनल आहेत. मोठे माहितीपट ओटीटीवर असतात, नाहीतर भाड्यानं मिळतात. शोधताना नाव इंग्रजीत टाईप करा. टेलिग्रामवरची कॉपी घेऊ नका. चोरीचा माल हे एक कारण झालंच, दुसरं कारण पुढं येतंय.

नेट आणि लाईट

व्हिडिओ आकसताना यंत्र एक युक्ती करतं: आधीच्या फ्रेमपेक्षा जेवढं बदललं तेवढंच मुख्यतः पाठवतं. बातम्या देणाऱ्या निवेदिकेच्या मागची भिंत बदलत नाही, म्हणून तिथं थोडक्यात भागतं. उधळलेल्या बर्फाचा मात्र कण न् कण प्रत्येक फ्रेममध्ये जागा बदलतो. तेवढी माहिती मावत नाही आणि पडद्यावर चौकोन-चौकोन दिसायला लागतात. आकसून-आकसून बारीक केलेल्या कॉपीत तर बर्फाचा नुसता चिखल होतो. म्हणून 4केमध्ये बघायचं असेल तर 15 ते 20 एमबीपीएसचा स्थिर वेग हवा. तो नसेल तर गटांगळ्या खाणाऱ्या 4केपेक्षा स्थिर 1080पी कधीही बरं. राऊटर टीव्हीजवळ असेल तर वायफायऐवजी केबल जोडा. ॲपमध्ये सोय असेल तर दुपारीच डाऊनलोड करून ठेवा.

आणि आषाढात पाऊस लागला की लाईटचा भरवसा नसतो, हे कोल्हापूरकराला मी सांगायला नको. बऱ्याच घरांत इन्व्हर्टरवर पंखे आणि दिवे असतात, राऊटर मात्र नसतो. तो आणि टीव्ही एकाच बॅकअपवर आहेत का, हे आधीच बघून घ्या.

टीव्हीचं सेटिंग

दुकानात उठून दिसावा म्हणून टीव्ही भडक मोडवर ठेवतात आणि घरी आल्यावरही तो बऱ्याचदा तसाच राहतो. ‘विविड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोडमध्ये बर्फ निळसर, झगझगीत दिसतो आणि त्यावरच्या बारीक सावल्या पुसल्या जातात. उताराचा अंदाज तर सावल्यांवरूनच येतो. मोड बदलून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ करा. मग उन्हातल्या उताराचं एक दृश्य थांबवा. पांढऱ्यावर पांढऱ्या घड्या, जुन्या स्कीच्या रेघा दिसतायत का? नसतील तर कॉन्ट्रास्ट त्या दिसेपर्यंत हळूहळू कमी करा.

दुसरं, हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. सॅमसंगमध्ये तिला ऑटो मोशन प्लस म्हणतात, सोनीत मोशनफ्लो, एलजीत ट्रूमोशन. क्रिकेटला ती चालते, फिल्ममध्ये मात्र खरा डोंगर टीव्ही मालिकेच्या सेटसारखा दिसायला लागतो.

बसायचं अंतर पडद्याच्या कर्णाच्या साधारण दीडपट. 43 इंची टीव्हीपासून साडेपाच फूट, 55 इंचीपासून सातेक फूट. आपल्याकडं सोफा समोरच्या भिंतीला चिकटवायची पद्धत आहे, त्यामुळं बहुतेक घरांत हे अंतर दुप्पट पडतं. त्या रात्रीपुरता सोफा पुढं ओढा किंवा सतरंजी टाका. खोलीत पूर्ण अंधार नको. टीव्हीच्या मागं एक मंद दिवा ठेवला तर पांढरा पडदा डोळ्यांना बोचत नाही.

डोंगर वाचायला शिका

खासबाग मैदानात दोन माणसं शेजारी-शेजारी बसून एकच कुस्ती बघतात. एकाला चितपट दिसते, दुसऱ्याला त्याआधी पैलवानानं पाय कुठं सरकवला ते दिसतं. या फिल्ममध्येही दुसऱ्यासारखं बघायला हवं.

पहिली गोष्ट, कॅमेरा फसवतो. हेल्मेटवरच्या रुंद भिंगातून उभा उतारही सपाट वाटतो. खरी कल्पना दुसऱ्या धारेवरून किंवा हेलिकॉप्टरमधून घेतलेल्या दृश्यात येते, आणि तिथं आधी माणूस शोधायचा. त्या ठिपक्यावरून डोंगर केवढा आहे ते कळतं.

मग कोन. साधारण 30 ते 45 अंशांचे उतार हिमस्खलनाला सगळ्यात पोषक. त्याहून सपाट उतारावर बर्फ सहसा सुटत नाही, फार उभ्यावर तो साठून राहत नाही. नेमका या मधल्या कोनातच स्कीइंगही रंगतं, आणि या खेळाची सगळी गोची तिथंच आहे.

उतरणाऱ्या माणसाच्या मागं-पुढं मोकळा बर्फ ओघळताना दिसेल. त्याला ‘स्लफ’ म्हणतात. दोन-तीन वळणं घेतल्यावर कसलेला खेळाडू अचानक बाजूच्या उंचवट्यावर सरकतो. आपल्याला ती लकब वाटते, पण तो मागून येणाऱ्या बर्फाला वाट करून देत असतो. म्हणून चांगला उतार दोनदा बघा: पहिल्यांदा माणसाकडं, रिवाईंड करून दुसऱ्यांदा त्याच्या मागच्या बर्फाकडं.

उडीत हवेतल्या गिरक्यांपेक्षा उतरण्याची जागा बघा. खालचा उतार तीव्र आणि बर्फ भुसभुशीत असेल तर पडण्याचा वेग उतारावरून पुढं वाहून जातो आणि माणूस सुटतो. तीच उडी सपाटीवर पडली तर गुडघे आणि कणा यांचं काम तमाम.

सुरुवातीचा सामान तपासण्याचा भाग पुढं ढकलू नका. छातीवरचं ट्रान्सीव्हर, म्हणजे गाडल्या गेलेल्याला शोधायचं छोटं रेडिओ यंत्र, 457 किलोहर्ट्झवर संदेश पाठवत राहतं. कोणी गाडला गेला तर बाकीचे आपापली यंत्रं शोधण्यावर लावतात, लांब सळईनं नेमकी जागा हुडकतात आणि फावड्यानं खणतात. जगण्याची आशा मुख्यतः पहिल्या पंधराएक मिनिटांत असते. बाहेरून मदत बोलवायला तेवढा वेळ पुरत नाही, जे करायचं ते सोबत्यांनीच. हे माहीत असलं की खाली थांबलेल्या साथीदाराचा चेहरा तुम्ही वेगळ्या नजरेनं बघता.

कोणासोबत

तिघं-चौघं पुरे. भडंग चालेल; रस्सा नको, लक्ष ताटात जातं. एका रात्री एकच फिल्म.

घरात दहावी-बारावीतली मुलं असतील तर ‘द क्रॅश रील’ त्यांच्यासोबत बसून बघा. स्नोबोर्डर केविन पीअर्स व्हँकूव्हर ऑलिंपिकच्या तयारीत असताना 31 डिसेंबर 2009 रोजी सरावात पडला. डोक्यावर हेल्मेट होतं, तरी मेंदूला जबर मार बसला. बरं होत असतानाही त्याला पुन्हा बोर्डवर चढायचं असतं आणि घरचे त्याला अडवत असतात. जेवणाच्या टेबलावरचे ते प्रसंग कुठल्याही उडीपेक्षा जास्त अंगावर येतात. बाईकचा वेग हा विषय त्यानंतर घरात आपोआप निघतो, वेगळं भाषण लागत नाही.

बघून सुरसुरी आली तर

येणारच. काश्मीरमध्ये गुलमर्गला केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था आहे, तिथं नवख्यांसाठी कोर्स असतात. 2022च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताकडून एकटाच उतरलेला आरिफ खान त्याच भागातला. तिथल्या गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, वरचा टप्पा अफरवत डोंगरावर जातो आणि वरचे उतार थेट फिल्ममधले वाटतात. पण 2023 साली त्याच अफरवतवर दोन पोलिश स्कीपटू हिमस्खलनात गेले. पहिल्या खेपेला खालचा सौम्य उतारच धरा. तिथं आधी स्कीची टोकं जवळ आणून थांबायला शिकवतात, आणि ते जमेपर्यंत बराच वेळ बसकण मारण्यातच जातो. स्की आणि बूट तिथं भाड्यानं मिळतात. हातमोजे मात्र स्वतःचे, पाणी आत न शिरणारे न्या. लोकरीचे पडता-उठता भिजतात.